डावीकडचा गुंता

जटामावशीचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. वर्षातून एकदा, गणवेश वाटायच्या दिवशी, ते कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि तिला वाटायचं, ही कोण नवीन आली? बाकी सगळ्यांसाठी ती जटामावशीच. अठरा वर्षं ती एकच काम करत आली होती. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना मानसुद्धा उचलता येत नाही, त्यांची डोकी जागच्या जागी धुवायची, पुसायची, विंचरायची. कात्रीला ती हात लावत नसे. "कापायला न्हावी बसलाय खाली. सोडवायला मी आहे," म्हणायची, आणि जटेतली एकेक बट तेलाच्या बोटांनी सुटी करत तासन्‌तास बसायची.

तिचं सामान ठरलेलं. एक रबरी चादर. तिच्या दोन्ही कडा गुंडाळून मानेखाली अशी पन्हळ करायची की पाण्याचा थेंबही गादीवर जाऊ नये, सगळं थेट बादलीत. कानांत कापसाचे बोळे. डोळ्यांवर घडी केलेला पंचा. आणि बागेला पाणी घालायची एक छोटी पत्र्याची झारी, तिनं घरून आणलेली. झारी डोक्यावर धरायच्या आधी ती मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी घेऊन बघे. एकदा नाही, तीनदा. नव्या पोरी हसायच्या.

"मावशी, डोकं धुताय की औषध मोजताय?"

"तू आधी तुझा अंबाडा नीट बांध. उवा माझ्या पेशंटच्या डोक्यात सोडशील."

केस बघून तिला माणूस कळायचा. सात नंबरचे आजोबा भेटायला आलेल्यांना दिवसभर विनोद सांगून हसवायचे. एकदा तिनं त्यांच्या कानाजवळचे केस बोटांत चुरडले आणि सिस्टरला हळूच सांगितलं, "हे रडतात हो. केस मिठानं कडक झालेत. उताणा माणूस रडला की पाणी कानाकडंच जातं." सिस्टरनं पाळत ठेवली. खरं निघालं.

तर अशा या जटामावशीच्या हाताखाली चार महिन्यांपूर्वी कोर्टबाई आली.

कोर्टबाई म्हणजे न्यायालयात लघुलेखन करणारी बाई. साक्षीदार बोलत जायचे, ही खाली मान घालून टिपत जायची. तीस वर्षं. एक दिवस न्यायालयाच्याच जिन्यावरून गडगडली आणि डोक्याला असा मार बसला की पुन्हा डोळे उघडले नाहीत. श्वास आपला आपण चालू, नळीनं पोटात अन्न, बाकी सगळं बंद. डॉक्टर म्हणाले, आत कुणी नाही. केस मात्र काय होते! कमरेच्या खालपर्यंत, करडे, जाड, दोरखंडासारखे. ती आली तेव्हा त्यात रक्त सुकून दगड झाला होता. न्हावी मशीन घेऊन वर आलाही होता. जटामावशीनं त्याला दारातूनच परत पाठवलं आणि नऊ दिवस बसून ते डोकं सोडवलं.

नऊ दिवस कुणाच्या उशाशी बसलं की तोंड काही गप्प राहत नाही. खोलीत दुसरी खाट रिकामी, दुपारी दोन ते चार सगळा वॉर्ड पेंगलेला. मावशी आपल्या स्टुलावर, खाटेच्या डाव्या अंगाला. आधी जिभेवर आलं ते घरचं, नवऱ्याचं घोरणं, शेजारणीची भांडणं. मग मागं मागं जात एका मंगळवारी तिच्या तोंडून ते बाहेर पडलं. सहा वर्षांत नवऱ्याशिवाय कुणालाही न सांगितलेलं. भिंतीला सांगावं तर लोक वेडी म्हणतील, माणसाला सांगावं तर तो चार जणांना सांगेल. कोर्टबाई या दोन्हींच्या मधली होती. शिवाय कानात बोळे.

"बाई, एका म्हातारीचं डोकं मी असंच धुवत होते," ती म्हणाली होती. "लुळी पडलेली. वाचा गेलेली. थंडीचे दिवस, मला घाई. मनगटावर बघितलंच नाही. झारी तिरकी केली आणि पाणी ओतलं…"

इथं तिची जीभ जड झाली. पुढं बोलवेना. पुढच्या खेपेला पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. प्रत्येक वेळी तेच. झारी तिरकी केली आणि पाणी ओतलं. बस.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी तो गुंता सापडला.

डाव्या कानामागं, लिंबाएवढा, घट्ट. मावशी त्याच्याकडं बघतच राहिली. उताण्या माणसाचा गुंता डोक्याच्या मागं, मधोमध होतो. कूस बदलतात तेव्हा दोन्हीकडं थोडा थोडा होतो, आणि कोर्टबाईची कूस तर दोन बायका घड्याळ लावून बदलायच्या, जितकी डावी तितकीच उजवी. एकाच बाजूला गाठ पडायची तर डोकं त्या बाजूला वळून उशीवर घासायला हवं. पुन्हा पुन्हा. आपलं आपण.

तिनं गाठ सोडवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिथंच, तेवढीच.

"मोठ्या सिस्टर, बावीस नंबर मान हलवते."

मोठी सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य. तिनं कागदातून डोकं वर काढलं नाही. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही. केस सांगतात."

"केस सांगतात!" सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाली. "उद्या नखं सांगतील. मावशी, उशीला उतार असेल."

"उशी मी गवंडी पातळी बघतो तशी बघितली."

"मग गादी बघा."

मावशीनं गादीही बघितली. पुढचे तीन दिवस खोलीत कोण कोण येतं तेही बघितलं. खिडकी उजव्या हाताला होती, दार पायाशी. डावीकडं होतं काय? कोरी भिंत आणि तिचं स्वतःचं स्टूल. ती गेल्यावर रिकामं पडलेलं.

तिच्या डोक्यात विचार आला तो साधाच. तिनं स्टूल उचललं आणि खाटेच्या उजव्या अंगाला, खिडकीखाली ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस तिथंच बसून विंचरलं, गप्पा मात्र मारल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी केस सोडले.

डावीकडं फणी पाण्यातून जावी तशी गेली. गाठ उजव्या कानामागं होती.

मावशी फणी हातात धरून उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं, कुठंतरी कुणीतरी फरशी पुसत होतं, बादलीची कडी वाजत होती. समोर कोर्टबाईचा चेहरा, मिटलेले डोळे, छताकडं. कालपर्यंत निजलेलं वाटणारं हे तोंड आता कान देऊन बसल्यासारखं दिसत होतं. म्हणजे आपण गेल्यावर ही त्या रिकाम्या स्टुलाकडं वळते. वळते आणि वाट बघते.

"बाई," मावशी पुटपुटली. "ऐकू येतं का? भुवई हलवा बघू."

काही नाही.

"लेक आली होती काल तुमची. निळी ओढणी."

काही नाही. मावशीनं दोन्ही हातांची बोटं तिच्या केसांत, मुळाशी रोवली.

"झारी तिरकी केली," ती म्हणाली, "आणि पाणी ओतलं."

बोटांखाली डोक्याची कातडी सरकली. मांजराच्या पाठीवरून वारा जावा तशी, कपाळापासून मागं, आणि थांबली. मावशीनं हात झटकन काढून घेतले आणि पदराला पुसले. पुसायला त्यांना काही लागलेलं नव्हतं.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. स्वयंपाकघराच्याच एका कोपऱ्यात त्याचं टेबल, डोळ्याला भिंग. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यानं भिंग काढलं नाही, त्यामुळं एक डोळा भला मोठा दिसत होता.

"अगं, चांगलंच झालं की. जिवंत आहे म्हणायची बाई. सांग डॉक्टरांना."

"सांगितलं. ते हसतात. शुक्रवारी तिला मागच्या इमारतीत हलवणार. लेक कागदावर सही करणार आहे."

मागची इमारत म्हणजे ज्यांच्यासाठी आता काही करायचं नाही त्यांची. तिथं व्यायाम देणारा जात नाही, डॉक्टर पंधरवड्याला डोकावतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या डोक्यावरून मशीन फिरवतात, स्वच्छतेला सोपं. तिथून परत आलेलं अठरा वर्षांत मावशीनं कुणी बघितलं नव्हतं.

"मग दाखव ना त्यांना. हलते तर हलवून दाखव."

"अहो, ती एकाच गोष्टीला हलते."

नवऱ्यानं आता भिंग काढलं. "कुठल्या?"

मावशीनं नुसतं बघितलं. त्याला कळलं. टेबलावरची चार-पाच घड्याळं आपापल्या वेळेनं टिकटिकत राहिली.

त्याला पुढचं सगळं ठाऊक होतं. पाणी कढत होतं, तापवायच्या टाकीचा काटा बिघडलेला. म्हातारीला ओरडता येत नव्हतं. साबण धुऊन गेला तेव्हा मावशीला लाल कातडी दिसली, मग फोड. म्हातारी वाचली, पण हाताच्या तळव्याएवढ्या जागेत पुन्हा केस आले नाहीत. दुपारी मोठ्या सिस्टरनं विचारलं, कोणी धुतलं? बादली भरून दिली होती मावशीच्या जोडीदारणीनं, बुटकीनं. ती तेवढ्यात दाढ दुखते म्हणून घरी गेलेली. मावशी म्हणाली, मी नव्हते. दोनच शब्द. बुटकीला काढून टाकलं. बुटकी तेव्हापासून एका इस्त्रीच्या दुकानात उभी असते, आणि मावशी सहा वर्षं त्या रस्त्यानं जात नाही, वळसा घालून जाते.

"नोकरी जाईल," नवरा म्हणाला.

"जाईल."

"ती बाई उठली आणि तिनंच सांगितलं तर? न उठली तर कुणाला काही कळणार नाही. म्हणजे मी आपलं… हिशेब म्हणून बोललो गं."

"मी तोच विचार करत घरी आले," मावशी म्हणाली. "चालत आले. बस सोडून. आणि अर्ध्या वाटेत माझ्या मनात आलं, मशीन फिरवलं की गुंता व्हायचाच नाही. मग ती वळते की नाही हे मलासुद्धा कळणार नाही. आणि मला त्यात बरं वाटलं हो. एवढं बरं वाटलं की भीती वाटली."

नवऱ्यानं भिंग परत लावलं, पण घड्याळाला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला लेक आली. कागद, पेन, मोठी सिस्टर, चष्मेवाला तरुण डॉक्टर. डॉक्टरनं रीतसर सगळं केलं. टाळ्या वाजवल्या, नखावर दाबलं, बॅटरी मारली. "बाई, डोळे उघडा. बाई, माझं बोट धरा." मग हात धुतले. "प्रतिसाद नाही."

लेकीनं पेनाचं टोपण काढलं.

"पोरी, थांब," मावशी दारातून म्हणाली. तिच्या एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात रबरी चादर. "एकदा डोकं धुऊ दे. तिकडं गेल्यावर केस राहणार नाहीत."

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. लेक म्हणाली, "धुऊ द्या त्यांना. चार महिने यांनीच जपलेत."

मावशीनं पन्हळ केली. बोळे मात्र घातले नाहीत. स्टूल डाव्या अंगाला परत आणलं. मनगटावर पाणी बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग झारी खाली ठेवून म्हणाली, "मोठ्या सिस्टर, तुमची बोटं द्या. इथं, केसांच्या मुळाशी. नुसती ठेवा. आणि मी काय म्हणते ते ऐकून घ्या, पण बोटं काढू नका."

"मावशी, हे काय नाटक आहे?"

"असू दे. पाच मिनिटांचं आहे."

सिस्टरनं बोटं ठेवली. मावशी स्टुलावर बसली आणि रोजच्या दुपारच्या आवाजात बोलू लागली.

"बाई, त्या म्हातारीचं सांगत होते ना. अठरा नंबरची. लुळी पडलेली. वाचा गेलेली."

सिस्टरची मान वर झाली. अठरा नंबरची म्हातारी ती विसरली नव्हती. "मावशी—"

"बोटं काढू नका. थंडीचे दिवस होते. बुटकी दाढ दुखते म्हणून गेली होती. तिनं बादली भरून ठेवलेली, बस तेवढंच. मला घाई होती. मनगटावर बघितलं नाही. मी. मीच होते ती. झारी तिरकी केली," मावशी म्हणाली, "आणि पाणी ओतलं."

सिस्टरच्या चेहऱ्यावर राग चढत होता, तो अर्ध्यातच थिजला. तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"डॉक्टर," ती अगदी हळू म्हणाली. "हात द्या इकडं."

डॉक्टरनं तिच्या बोटांशेजारी आपली ठेवली. "काय आहे?"

"मावशी, परत सांगा."

"काय सांगू?"

"तेच. शेवटचं."

"झारी तिरकी केली आणि पाणी ओतलं."

डॉक्टरनं काहीबाही बोलून बघितलं, पाऊस पडतोय, आज शुक्रवार आहे, आग लागली आहे. काही नाही. "मावशी, तुम्ही." मावशीनं सांगितलं. पुन्हा. पाच मिनिटं थांबून पुन्हा. सहा वर्षं जे वॉर्डात कुणापुढं एकदाही कबूल करता आलं नव्हतं ते तिला त्या दिवशी लख्ख उजेडात, चार माणसांदेखत, सात वेळा बोलायला लावलं, आणि डॉक्टर प्रत्येक वेळी कागदावर वेळ टिपत राहिला. लेकीनं स्वतःची बोटं आईच्या केसांत घातली. "आई? आई गं, मी आहे." थांबली. मग पडल्या चेहऱ्यानं मावशीकडं वळली. "तुम्हीच सांगा. माझं नाही ऐकत ती."

सातव्या वेळी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. कोर्टबाईची हनुवटी बोटभर डावीकडं वळली. स्टुलाकडं.

डॉक्टर म्हणाला, "घाबरते ही. साहजिक आहे. पन्हळीत डोकं, समोर झारी, आणि वर ही गोष्ट."

"आणि बुटकीचं काय?" सिस्टर मावशीला म्हणाली. आवाज बर्फासारखा.

"ते पुढं आहे."

"पुढचं माझ्या खोलीत."

कागदावर सही झाली नाही. मावशीची मात्र दोन कागदांवर झाली. तिला पेशंटला हात लावायची बंदी करून तळघरात, धुलाईखान्यात पाठवलं. तिथं चादरी वाफेत फिरत, आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे. बुटकीला चिठ्ठी गेली. ती आली, गणवेश घालून वरच्या मजल्यावर कामाला लागली. तळघरात काही उतरली नाही. मावशी वरून आलेल्या उशांच्या खोळींवर करडे केस बघायची. वॉर्डात खोळीचं तोंड उजवीकडंच ठेवत, आणि केस डाव्या कडेला चिकटलेले असायचे. नेहमी डाव्याच.

दीड महिन्यानं वाफेतून बुटकी समोर उभी राहिली. तितकीच बुटकी, केस पांढरे झालेले.

चादरीचा ढीग दोघींच्या मधे होता.

"दाढ कशी आहे?" मावशीच्या तोंडून निघालं.

"काढली. सहा वर्षं झाली." बुटकीनं यंत्र बंद केलं. "चल. तुला वर बोलावलंय."

"कोणी?"

"कोर्टबाईनं. महिनाभर मी तिचं डोकं धुते, व्यायामवाला हातपाय हलवतो, लेक गाणी म्हणते. डोळे उघडले, पण बघते कुठं, तर तुझ्या स्टुलाकडं. काल तोंड उघडलं. लेक रडायला लागली, म्हणाली आई मला हाक मारणार." बुटकी थांबली. "हाक नाही मारली. त्या स्टुलाकडं बघून म्हणाली, पुढं?"

"काय?"

"पुढं. एवढंच. आज सकाळपासून तेच. पुढं? पुढं? मोठी सिस्टर म्हणाली, जा, आणा तिला, नाहीतर ही सगळ्या वॉर्डाला वेड लावेल. ती घाबरत नव्हती गं. डॉक्टरला काय कळतं? तीस वर्षं साक्षी टिपल्या तिनं. तू जबाब अर्धाच सोडून उठत होतीस."

वर खोलीत ऊन होतं. स्टूल डाव्या अंगाला. कोर्टबाईचे डोळे उघडे होते, पापणी न हलवता त्या स्टुलावर रोखलेले. मावशी त्यावर बसली तरी नजर तसूभर हलली नाही, जणू मावशी आधीपासून तिथंच बसलेली होती. केस धुतलेले, मोकळे, गुंता नाही. बुटकीचा हात अजून तसाच हलका होता.

"पुढं?" कोर्टबाई म्हणाली. आवाज कागदासारखा.

मावशीनं बुटकीकडं बघितलं. बुटकी खिडकीकडं बघत होती.

"पाणी कढत होतं," मावशी म्हणाली. "तिला ओरडता येत नव्हतं. दुपारी मोठ्या सिस्टरनं विचारलं, कोणी धुतलं? मी म्हणाले…" जीभ जड झाली. तिनं ती ढकलली. "मी म्हणाले, मी नव्हते."

चादरीवर कोर्टबाईची तर्जनी हलत होती. बारीक, वाकडे, अर्धगोल फटकारे, एकामागून एक, डावीकडून उजवीकडं. मावशी बोलायची थांबली तसं बोटही थांबलं. उचललेलंच राहिलं.

"पुढं?"

"पुढं मला ठाऊक नाही हो, बाई. मी त्या रस्त्यानं गेलेच नाही."

बोट खाली आलं नाही. मग बुटकीनं दुसऱ्या खाटेजवळचं स्टूल ओढलं, फरशीवर कर्रकन आवाज झाला, आणि ती मावशीच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ बसली.

"घ्या लिहून," ती म्हणाली. "पुढचं मी सांगते."